लहान मुलांसह मुक्कामी भटकंती : सुरुवात कधी, कुठून आणि कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण दोघेही कॉलेजात असताना नियमित ट्रेक करत होता, आता मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत दोघांना घेऊन, सॅक, तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन, नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या किंवा ब्रह्मगिरी डोंगराच्या परिसरात दोन दिवसांची भटकंती करावी असा आपला विचार आहे. मुलांचे वय योग्य आहे का, त्यांच्या पाठीवर किती ओझे द्यावे आणि रात्रीच्या मुक्कामाची काय व्यवस्था असावी, हे आपण विचारले आहे. वयाचे उत्तर सोपे आहे. दोन्ही मुले डोंगरात नेण्याजोगी आहेत, त्यासाठी आणखी काही वर्षे थांबण्याचे कारण नाही. मात्र हरिहर सध्या यादीतून काढून टाकावा, आणि मुक्कामासाठी दिवाळीऐवजी नाताळच्या सुट्टीचा विचार करावा. याची कारणे पुढे येतीलच.

मी नाशिकमध्ये गेली अनेक वर्षे लहान मुलांना डोंगरात नेण्याचे काम करते, आणि पालकांना एक गोष्ट मला वारंवार सांगावी लागते. मुक्कामी भटकंतीत मुले रडकुंडीला येतात ती ताकद संपल्यामुळे क्वचितच. लांबवर चालणे, पाठीवर ओझे वागवणे आणि घराबाहेर अंधारात झोपणे या तीन नव्या गोष्टी एकाच दिवशी त्यांच्यावर येऊन पडतात, म्हणून ती येतात. आपल्यासारख्या सवयीच्या माणसांना या तिन्ही गोष्टी मिळून एकच अनुभव वाटतो, त्यामुळे त्या वेगळ्या करता येतात हेच लक्षात येत नाही. माझा सल्ला असा की त्या वेगवेगळ्या शिकवाव्यात, प्रत्येक गोष्टीचा नवखेपणा पुरता जाऊ द्यावा आणि मगच त्या एकत्र आणाव्यात. याला साधारण तीन महिने लागतात. सप्टेंबरात सुरुवात केली तर डिसेंबरअखेर पहिला खरा मुक्काम जमतो.

आपल्या भागात हे काही नवे नाही. पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या दिंड्यांत आईवडिलांबरोबर चालणारी लहान मुले दिसतात, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीलाही कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. ती मुले इतके चालू शकतात, कारण दिंडीचे सामान गाडीत असते, मुक्कामाची जागा आधीच ठरलेली असते, जेवण वेळेवर मिळते आणि चालण्याला अभंगाचा ठेका असतो. चालण्याखेरीज बाकी सगळा भार कोणीतरी उचललेला असतो.

आधी चालण्याचे पाहू. पहिले काही आठवडे सॅक नको, मुक्काम नको, फक्त सकाळचे दोन-तीन तास. पांडवलेणी यासाठी उत्तम आहेत. पायऱ्या नीट बांधलेल्या आहेत, चढ फार मोठा नाही आणि वर पोहोचल्यावर मुलांना हिंडायला चोवीस लेण्यांची रांग मिळते. म्हसरूळजवळची चामरलेणीही त्याच तोडीची. त्यानंतर रामशेज घ्यावा. पेठ रस्त्याने साधारण पंधरा किलोमीटरवर पायथ्याचे आशेवाडी गाव लागते, तेथून चढ मध्यम आहे, आणि १६८२ पासून मोगली फौजेला काही वर्षे दाद न देणाऱ्या या किल्ल्याची गोष्ट सहा वर्षांच्या मुलीला चढताना तुकड्यातुकड्याने सांगता येते. गोष्ट पायथ्याशी पूर्ण सांगून टाकू नये, ती प्रत्येक थांब्यासाठी राखून ठेवावी. अंजनेरी त्याच्या पुढची पायरी आहे. वरचे पठार मोकळे आहे, तळे आहे, आणि पावसाळा सरता सरता सोनकी-तेरड्याच्या फुलांनी ते भरलेले असते. मात्र अंतर रामशेजच्या मानाने बरेच जास्त आहे, म्हणून मुलाला निम्म्या वाटेवरून परत आणण्याची मनाची तयारी हवी. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तेथे वनविभागाचे नियम लागू होतात, त्यामुळे ते दिवसाच्या सहलीपुरतेच ठेवावे. ब्रह्मगिरी मुलीसाठी दिवसाच्या सहलीला ठीक आहे, पायऱ्यांची वाट आहे. पण माकडे मुलांच्या हातातला खाऊ सर्रास हिसकावतात, तेव्हा तेथे खाणे सॅकमध्ये बंद असावे आणि प्लास्टिकची पिशवी हातात मुळीच नसावी.

हरिहर का नको, हे नीट सांगायला हवे, कारण हल्ली तेथे लहान मुलांना खांद्यावर घेऊन चढणारे लोकही दिसतात आणि त्यांच्याकडे पाहून इतरांचे धाडस वाढते. त्या कातळपायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि आधारासाठी खोदलेल्या खोबण्या मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाने आहेत. सहा वर्षांच्या मुलाचा हात एका खोबणीतून दुसऱ्या खोबणीत सहज पोहोचत नाही, आणि मूल पाठीवर बांधून चढणाऱ्याचा तोल मागे जातो, जी त्या चढावर सर्वांत वाईट दिशा आहे. शिवाय सुट्टीच्या दिवशी त्याच अरुंद वाटेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, आणि मूल घाबरून थबकले तर खाली-वर दोन्हीकडे माणसे अडकलेली असतात. कळसूबाईच्या शिड्यांचे तसे नाही, त्यांना कठडे आहेत, आणि आठ-नऊ वर्षांचे सवयीचे मूल मोठ्यांबरोबर तेथे जाऊ शकते; पण १६४६ मीटरचे शिखर ही पहिल्या वर्षाची गोष्ट नव्हे.

वेगाचा अंदाज बांधताना आपला जुना हिशेब विसरावा लागेल. डोंगरात वेळ मोजण्याचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा आहे : पाच किलोमीटर चालीला एक तास आणि सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. सहा वर्षांच्या मुलीसाठी या उत्तराची दुप्पट धरावी. सव्वातीन वर्षांच्या मुलासाठी कोणताही हिशेब चालत नाही, कारण तो मुंग्यांच्या रांगेपाशी बसला की पंधरा मिनिटे उठणार नाही; आणि तसे बसणे हाच त्याच्या दृष्टीने डोंगरात येण्याचा मुख्य भाग आहे. त्याला ओढत पुढे नेले की पुढचा तासभर तो कडेवर बसण्याचा हट्ट धरतो, आणि वाचवलेल्या पंधरा मिनिटांची ती फार महाग किंमत ठरते. म्हणून अंतर इतके कमी ठरवावे की रेंगाळण्यासाठी निम्मा वेळ शिल्लक राहील.

“पाय दुखतात” हे वाक्य आपल्याला पुष्कळदा ऐकू येईल. त्याचा अर्थ लावायला शिकावे. चालायला लागून तासाच्या आत ते ऐकू आले, तर बहुधा भूक, तहान किंवा कंटाळा असतो. थांबून थोडे खायला-प्यायला दिल्यावर मूल दगडांवर उड्या मारू लागले, तर पायांना काही झालेले नव्हते असे समजावे. त्याच जागेकडे वारंवार बोट दाखवले, लंगडणे दिसले, तर मात्र लगेच बूट-मोजे काढून पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गवताची कुसळे मोज्यांत शिरतात आणि मोठ्यांना जे नुसते टोचते ते मुलांना चालूच देत नाही. “अजून किती?” याचे उत्तर किलोमीटरमध्ये किंवा तासांत कधीच देऊ नये. समोर दिसणारे झाड, वळण, पाण्याचे टाके असे काही दाखवावे, आणि दाखवलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर खरोखर थांबावे. “हे काय, आलेच” असे सांगून मुलांना तीनदा फसवले की चौथ्यांदा ती विश्वास ठेवत नाहीत.

आता ओझे. शाळेच्या दप्तरांबाबतच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे सांगितले आहे. दप्तर पाठीवर असते ते रिक्षापासून वर्गापर्यंत. येथे तर तासन्‌तास चढायचे आहे, म्हणून सुरुवातीला मी त्याहून कमीच ठरवते. मुलीचे वजन वीस किलो असेल तर तिची भरलेली सॅक सव्वा ते दीड किलोची असावी : अर्धा लिटर पाणी, एक स्वेटर किंवा विंडचीटर, स्वतःचा खाऊ, शिट्टी आणि तिला वाटेल ती एक वस्तू, मग ती बाहुली असली तरी चालेल. त्या सॅकला छातीवरचा पट्टा हवा, नाहीतर लहान खांद्यांवरून पट्टे घसरतात आणि मूल दिवसभर ते सावरत राहते. मुलाला नुसती हलकी पिशवी पुरे, आणि तीही तासाभरात आपल्याकडे येणार हे गृहीत धरावे. मुलांच्या पाठीवरच्या सॅकने आपले ओझे कमी होत नाही. तिचा उपयोग एवढाच की आपले पाणी, आपला स्वेटर कुठे आहे हे मुलाला कळते आणि ते काढण्या-ठेवण्याची सवय लागते. तेव्हा आधी घराजवळच्या फेरीला, मग रामशेजला ती सॅक नेऊ द्यावी.

खरा हिशेब मोठ्यांच्या पाठीचा आहे आणि तो बहुतेक पालक घरी करत नाहीत. चौघांसाठी एक तंबू सुमारे चार किलो, झोपण्याच्या पिशव्या आणि मॅट मिळून सहा-सात किलो, सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलो, शिधा, स्टोव्ह आणि भांडी चार किलो, कपडे आणि औषधे चार किलो. ही बेरीज पंचवीसच्या आसपास जाते. त्यात सव्वातीन वर्षांचा मुलगा निम्मी वाट तरी कोणाच्या तरी पाठीवर असणार, म्हणजे चौदा किलो आणि त्याला बसवण्याच्या कॅरियरचे दोन-तीन किलो आणखी. चाळीस-बेचाळीस किलो दोघांत वाटले की प्रत्येकाच्या पाठीवर वीस किलो येतात, आणि वीस किलो पाठीवर असलेल्या माणसाला मूल पाय घसरून पडताना खाली वाकून धरता येत नाही. यावर दोनच उपाय आहेत. एक तर तिसरे मोठे माणूस बरोबर घ्यावे. मामा, काका, आत्या, जो कोणी आनंदाने येईल तो. किंवा तंबू आणि शिजवण्याचा सरंजाम घरी ठेवून गावात मुक्काम करावा. पहिल्या वर्षी मी दुसरा उपाय सुचवते.

कॅरियरबद्दल एक गोष्ट विसरली जाते. मूल वाहणारा माणूस घामाघूम असतो आणि पाठीवरचे मूल मात्र हालचाल न करता वाऱ्यात बसलेले असते. आपल्याला उकडते आहे म्हणून मुलालाही उकडत असेल असे धरू नये. त्याचे हात-पाय आणि मान दर अर्ध्या तासाने हाताने चाचपून पाहावीत, आणि त्याला उतरवून पाय मोकळे करू द्यावेत. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर थंड होते आणि उन्हात लवकर तापतेही.

रात्रीची सवय घराच्या गच्चीवरून सुरू करावी. ऑक्टोबरच्या शेवटी एखाद्या शनिवारी गच्चीवर तंबू लावून चौघांनी त्यातच झोपावे. मध्यरात्री मुलांना घरात जायचे असेल तर वाद न घालता न्यावे. दुसऱ्या वेळी बहुधा ती सकाळपर्यंत राहतात. त्यानंतर ओळखीच्या कोणाचा मळा असेल तर तेथे, विहिरीपासून दूर आणि घराच्या अंगणात, एक रात्र काढावी. येथे मुले पहिल्यांदा खरा अंधार पाहतात, कुत्र्यांचे आणि टिटवीचे आवाज ऐकतात आणि टॉर्च घेऊन शू करायला जातात. प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉर्च द्यावा. बॅटरी वाया जाते, पण भीती निम्मी होते.

झोपताना पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचे असते, कारण शरीराची ऊब जमिनीत जाते. मुलांच्या खाली मॅट नसेल तर वर दोन गोधड्या घालूनही ती कुडकुडतात. मोठ्यांच्या मापाची स्लीपिंग बॅग मुलाला दिली तर पायांकडची रिकामी जागा दुमडून खाली सरकवावी किंवा तेथे सुके कपडे कोंबावेत, आणि डोके कायम बाहेर राहील असे पाहावे. चालताना घातलेले कपडे, ते कोरडे वाटले तरी, झोपण्यापूर्वी बदलावेत. घामाने ओलसर झालेला सुती सदरा रात्री अंगावर राहिला की मूल पहाटे थंडीने उठते. कानटोपी आणि कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवावेत. तंबूत स्टोव्ह पेटवू नये आणि शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत किंवा बंद खोलीत ठेवू नयेत. गावात कोणी मायेने तसे सुचवले तरी नम्रपणे नाकारावे. त्या धुराचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

दिवाळीऐवजी डिसेंबर का, तेही सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारचे ऊन अजून कडक असते, आणि गवत कमरेइतके उभे असते. डिसेंबरपर्यंत वाटा मोकळ्या होतात. थंडी मात्र खरी असते. निफाडच्या बाजूला पारा किती उतरतो ते आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतोच, आणि शहरापेक्षा सहा-सातशे मीटर उंचावर तापमान चार अंशांनी कमी धरावे. मुक्कामाची जागा खोलगट नसावी, तेथे रात्री गार हवा साचते. उघड्या धारेवरही नसावी. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चारच्या आत मुक्कामी पोहोचलेच पाहिजे, आणि त्यासाठी चालणे दुपारी दोनपर्यंत संपेल असे ठरवावे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पावसाळ्यात लहान मुलांसह मुक्काम करू नये. पाऊस तेथे अंदाजाबाहेर कोसळतो, ओढे तासाभरात चढतात, आणि भिजलेल्या मुलाला कोरडे करायला जागा मिळत नाही. दिवसाची छोटी सहल पावसातही करता येते, ओढा ओलांडावा लागणार नाही एवढे पाहून.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे बाहेरून काही आणण्याची गरज नाही. दशम्या, मेथीचे ठेपले, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, मनुके हे सगळे दोन दिवस टिकते आणि मुलांच्या ओळखीचे असते. डोंगरात नवी चव देऊन पाहण्याचा मोह टाळावा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे चालता चालता देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट केलेला लाडू द्यावा. द्राक्षांचेही तसेच. आपण द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो आणि हंगामात पिशवी भरून नेतो, पण लहान मुलासाठी प्रत्येक द्राक्ष उभे चिरलेले असावे आणि ते बसून खावे. जेवणाच्या तीन वेळांपेक्षा दर पाऊण तासाला थोडेथोडे देणे मुलांना मानवते. किल्ल्यांवरच्या टाक्यांचे पाणी कितीही नितळ दिसले तरी खळखळून उकळल्याशिवाय मुलांना देऊ नये. ओआरएसची पाकिटे बरोबर असावीत आणि पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावीत, अंदाजाने नव्हे.

बुटांसाठी फार खर्च करू नये, वर्षभरात पाय वाढतो. तळव्याला चांगली पकड असलेले साधे खेळाचे बूट पुरतात, मात्र ते महिनाभर आधी वापरलेले असावेत. शाळेचे गुळगुळीत तळव्याचे बूट चालणार नाहीत. मोज्यांचे तीन जोड घ्यावेत.

धोक्यांपैकी तीन आपल्या भागात खरोखर विचार करण्याजोगे आहेत, आणि त्यांत पहिला क्रमांक मी मधमाश्यांना देते. कड्यांना आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळे लागलेली असतात. तेथे आरडाओरडा, दगड मारणे, धूर आणि उग्र अत्तरे-स्प्रे ही निमंत्रणे आहेत. मोहोळ उठलेच तर माश्या हाकलत उभे न राहता मुलाला जाकीट किंवा चादरीत गुंडाळून शक्य तितके दूर जावे. लहान शरीराला तेवढ्याच डंखांचे विष जास्त बाधते, म्हणून अनेक डंख झालेल्या मुलाला, ते बरे दिसत असले तरी, डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे.

दुसरा बिबट्या. नाशिक जिल्ह्यात तो उसात, मळ्यांत आणि कधी शहरातही येतो, आणि संध्याकाळी वाकून किंवा उकिडवे बसलेले लहान मूल त्याला भक्ष्यासारखे दिसू शकते. म्हणून वस्तीलगतच मुक्काम करावा, तिन्हीसांजेनंतर मूल एकटे तंबूबाहेर जाऊ नये, शौचाला जाताना मोठे माणूस उजेड घेऊन अगदी जवळ उभे असावे, आणि चालताना एक मोठा पुढे, एक मागे, मुले मध्ये ही रीत दिवसाही पाळावी. (शौचासाठी वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून साठ मीटर दूर आणि नंतर माती, हे मुलीला आताच शिकवून ठेवावे, खुरपे तिच्याकडेच द्यावे, तिला ते काम आवडेल.)

तिसरा साप. थंडीत ते कमी दिसतात, पण मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. तंबूची चेन कायम बंद असावी, बूट आत ठेवावेत, आणि घरात मुक्काम असेल तर खाटेवर किंवा मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. दंश झाल्यास तो अवयव हलू न देता, न कापता, न चोखता, दोरी न आवळता १०८ ला फोन करून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. तेथवर जायला किती वेळ लागतो हे निघण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे. मोबाईलला कोठे रेंज आहे हेही गावकऱ्यांना विचारून ठेवावे. ताप आणि ॲलर्जीच्या औषधांची वजनानुसार मात्रा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावी. दोन्ही मुलांच्या गळ्यात शिट्टी असावी आणि एकच नियम पाठ असावा : कोणी दिसेनासे झाले तर जिथे आहोत तिथेच थांबायचे आणि शिट्टी वाजवायची, शोधायला निघायचे नाही.

एवढे झाल्यावर या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारा पहिला मुक्काम असा आखावा. नाशिक रोडहून सकाळच्या गाडीने इगतपुरीला जावे. रेल्वेचा प्रवास मुलांच्या दृष्टीने सहलीचा अर्धा आनंद असतो. तेथून रिक्षाने किंवा जीपने त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याच्या त्रिंगलवाडी गावाच्या दिशेने जाऊन शेवटचे दोन-अडीच किलोमीटर सगळ्यांनी आपापल्या सॅक घेऊन चालावे आणि गावात, आधी बोलणे करून ठेवलेल्या घरी, ओसरीवर किंवा अंगणात तंबू लावून मुक्काम करावा. घरमालकांना योग्य मोबदला देण्याचे आधीच ठरवावे, तो विषय संकोचाने टाळू नये. दुपारी आराम, संध्याकाळी गावात भटकणे आणि नागलीची भाकरी. जवळच धरण आहे, तेव्हा पाण्याच्या बाजूला मुलांचा हात सुटता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी जड सामान त्या घरीच ठेवून, रिकाम्या पाठीने, पायथ्याचे जैन लेणे पाहावे आणि मुलीचा उत्साह असेल तर एकाने तिला घेऊन कातळात कोरलेल्या पायऱ्यांपर्यंत किंवा किल्ल्यावर जावे. दुसऱ्याने मुलाबरोबर लेण्यापाशी थांबावे. दोन्ही मुलांनी एकच गोष्ट करावी हा आग्रह भावंडांच्या सहली बिघडवतो. दुपारी सामान उचलून परत तेवढेच अंतर चालून गाडी गाठावी.

यात काही बिनसले, ताप आला, मुलगा रात्रभर रडला, तर पहाटे गाडी बोलावून दीड-दोन तासांत घरी पोहोचता येते, आणि ही जागा निवडण्याचे मुख्य कारण तेच आहे. परत आलात तरी महिनाभराने तेथेच पुन्हा जावे. ओळखीच्या घरी, ओळखीच्या अंगणात दुसरी रात्र पुष्कळ सोपी जाते. सलग दोन रात्रींचा, सर्व सामान पाठीवर घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याचा बेत त्यानंतरच्या हिवाळ्यासाठी ठेवावा. तोवर मुलगी सातची पुरी होऊन दोन किलो सहज वागवेल, मुलगा साडेचार वर्षांचा होऊन बहुतेक वाट स्वतः चालेल, आणि आपल्या बेरजेतून कॅरियर आणि चौदा किलो वजा झाल्यामुळे तंबू बरोबर घ्यायला जागा होईल.